भावाचा हिस्सा अमेरिकेतून सुटतो का?

प्रश्न: ताई, रामबागेत आमचं जुनं घर आहे, वडिलांच्या कमाईचं. ते २०२२ मधे गेले, मृत्युपत्र नाही. आता आई, मी, बहीण आणि धाकटा भाऊ. भाऊ न्यूजर्सीला असतो, त्याला हिस्सा नकोय. म्हणतो, इकडे क्विटक्लेम डीड म्हणून कागद असतो, नोटरीपुढे सही करून कुरियर करतो, तू निगममधे, म्हणजे महापालिकेत, नामांतरण करून घे. चालेल का?
– एक वाचक, इंदूर

उत्तर: भाऊ मनानी मोठा दिसतो, पण या कागदानी काम होणार नाही. क्विटक्लेम म्हणजे एवढंच की ‘या घरात माझा जो काही हक्क असेल तो मी सोडला’, हक्क आहेच याची गॅरंटी त्यात नसते, म्हणून तिकडे तो जास्त करून घरातल्या घरात चालतो, भावंडांत नाहीतर घटस्फोटाच्या वेळी, आणि तिथल्याच काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, नोंदवतात. न्यूजर्सीच्या काउंटीला रामबागेचं काय! आपल्याकडे यासाठी हक्कत्याग, म्हणजे रिलीज डीड, आणि १९०८ च्या रजिस्ट्रेशन ॲक्टप्रमाणे तो इथल्या सब-रजिस्ट्रारकडे रजिस्टर करावाच लागतो, नुसत्या नोटरीवर भागत नाही.

त्यासाठी भावानी यायलाच पाहिजे असंही नाही. तिथल्या भारतीय कॉन्सुलेटमधे किंवा नोटरीसमोर मुखत्यारनामा, म्हणजे पॉवर ऑफ ॲटर्नी, करून पाठवू दे. त्यात ‘घराची देखभाल’ वगैरे मोघम नको, माझा चौथा हिस्सा अमक्याच्या नावे सोडायचा, असं स्पष्ट हवं. आणि मुखत्यार तुम्ही होऊ नका हो, सोडणारे तुम्ही आणि घेणारेही तुम्हीच, उद्या कुणी बोट दाखवलं तर काय सांगणार? बहिणीला करा. कागद भारतात आल्यापासून ३ महिन्यांत त्यावर स्टॅम्प ड्यूटी भरून घ्या, कुरियरचं पाकीट फेकू नका, कागद कधी आला याचा पुरावा तोच. भावाला आतून काही पैसे देणार असाल तर आधी सीएला विचारा, मग तो फुकटचा त्याग राहत नाही, कॅपिटल गेनचा, म्हणजे मालमत्तेच्या नफ्यावरच्या टॅक्सचा, प्रश्न येतो.

एक मात्र तुम्ही विचारलंच नाही. भावानी सोडलं तरी तुमचं अर्धंच होतं, आईचा आणि बहिणीचा चौथा-चौथा हिस्सा तसाच राहतो. नामांतरणानी निगमच्या टॅक्सची पावती तुमच्या नावे येईल, मालकी त्यानी ठरत नाही. आईकडून हक्कत्यागाची घाई करू नका, म्हातारपणी नावावर छप्पर असलेलं बरं.

प्रश्न: वडील हयात आहेत, घर त्यांनीच घेतलेलं. बहिणी आत्ताच हक्क सोडायला तयार आहेत, लिहून घेऊ का?

उत्तर: कशाला खर्च करता? वडील आहेत तोवर त्या घरात बहिणींचा हक्कच नाही, तुमचाही नाही, मग सोडणार काय? पुढे मिळेल या आशेवरचा हक्क १८८२ च्या ट्रान्सफर ऑफ प्रॉपर्टी ॲक्टप्रमाणे ट्रान्सफरच होत नाही. वडिलांना मृत्युपत्र करायला सांगा, म्हणजे सांगायची हिंमत असेल तर.