डब्ल्यूडीजी-४ : ९०० अश्वशक्तीसाठी एवढा खटाटोप का?

विचारलेला प्रश्न असा आहे की, ३१०० अश्वशक्तीचे डब्ल्यूडीजी-३ए हे मालगाडीचे डिझेल इंजिन वाराणसीत तयार होत असताना, केवळ ९०० अश्वशक्ती जास्त मिळावी म्हणून रेल्वेने अमेरिकन डब्ल्यूडीजी-४ का स्वीकारले. माझ्या मते येथे अश्वशक्तीला नको तेवढे महत्त्व दिले गेले आहे. मालगाडीच्या इंजिनाचा खरा कस भरलेली गाडी जागची हलवताना आणि चढावर कमी वेगाने ओढताना लागतो, आणि तेथे चाकाची रुळावरील पकड निर्णायक ठरते.

१९९५ मध्ये आलेले डब्ल्यूडीजी-३ए हे अल्को या अमेरिकन कंपनीच्या घराण्यातलेच. १९६२ मध्ये आयात झालेल्या आणि १९६४ पासून वाराणसीच्या डिझेल लोकोमोटिव्ह वर्क्समध्ये बनू लागलेल्या २६०० अश्वशक्तीच्या डब्ल्यूडीएम-२ चे सोळा सिलिंडरांचे इंजिनच त्यात सुधारून बसवले होते. बोगी, म्हणजे इंजिनाखालचा चाकांचा सांगाडा, मात्र पकड वाढवणारी होती. हे भरवशाचे इंजिन होते आणि पुण्याच्या शेडने ते वर्षानुवर्षे उत्तम राखले. अडचण होती ती चाके फिरवणाऱ्या डीसी ट्रॅक्शन मोटरची. कमी वेगात या मोटरला फार मोठा विद्युतप्रवाह फार वेळ सोसत नाही, कारण कम्युटेटर (ब्रशमार्फत फिरत्या भागाला वीज पोहोचवणारा भाग) आणि वेटोळी तापतात. शिवाय चाक घसरले की मोटरचा वेग भराभर वाढतो आणि ताकद कमी करून, वाळू सोडून पकड परत मिळवावी लागते.

जनरल मोटर्सशी १९९५ मध्ये तंत्रज्ञान हस्तांतरणासह करार झाला आणि जीटी४६मॅक या मूळ नावाची पहिली डब्ल्यूडीजी-४ इंजिने १९९९ मध्ये भारतात आली. त्यांच्या तीन-फेजी एसी मोटरमध्ये ब्रशही नाहीत आणि कम्युटेटरही नाही. चाक घसरू लागून मोटरचा वेग वाढला की तिचा जोर आपोआप उतरतो, त्यामुळे घसरण फोफावत नाही. त्यावर संगणकाची देखरेख आणि जमिनीवरचा खरा वेग मोजणारे रडार असते. परिणाम आकड्यांत स्पष्ट दिसतो. १२३ टनांचे डब्ल्यूडीजी-३ए गाडी हलवताना सुमारे ३८ टनांची ओढ देते, तर १२६ टनांचे डब्ल्यूडीजी-४ सुमारे ५३ टनांची. म्हणजे वजन जवळपास तेवढेच, पण ओढ त्या वजनाच्या ३१ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेली. माझ्या दृष्टीने हीच या वर्गाची खरी कमाई आहे.

या इंजिनांचे पहिले घर हुबळीचे शेड होते, आणि तेथून जवळच गोव्याकडे उतरणारा ब्रागांझा घाट आहे. मुरगाव बंदरात उतरलेला कोळसा कुळेहून कॅसलरॉकपर्यंत चढवायचा, तोही ३७ मीटरला १ मीटर अशा चढावर. हिशेब करून पाहावा : गाडीच्या दर हजार टन वजनामागे केवळ चढासाठी सुमारे २७ टन ओढ लागते, आणि वळणांचा व चाकांचा विरोध त्याहून वेगळा. पुढे इंजिने आणि मागे बँकर (ढकलणारी जादा इंजिने) लावून धिम्या गतीने जाणाऱ्या अशा गाडीत प्रत्येक इंजिनाची पकड मोलाची असते, विशेषतः पावसाळ्यात रूळ ओले असताना.

जुन्या इंजिनांचे चाहते आवाज आणि धुराबद्दल नेहमी बोलतात, म्हणून तेही सांगतो. अल्कोमध्ये नॉच (चालकाच्या ताकद-नियंत्रकाची पायरी) वाढवला की इंजिनात हवा दाबून भरणारा टर्बोचार्जर वेग घेईपर्यंत हवा अपुरी पडते आणि काळ्या धुराचा लोट उठतो. डब्ल्यूडीजी-४ चे इंजिन दोन-स्ट्रोक असून त्याचा टर्बो कमी वेगात गिअरद्वारे इंजिनावरच फिरतो आणि बाहेर पडणाऱ्या गरम वायूंचा जोर पुरेसा झाला की क्लचमुळे सुटा होतो, त्यामुळे तसा लोट सहसा दिसत नाही.

वाराणसीत २००२ पासून हा वर्ग बनू लागला आणि पुढे ४५०० अश्वशक्तीच्या आवृत्त्या आल्या. बिहारमधील मढौरा येथे बनणारे डब्ल्यूडीजी-४जी मात्र या घराण्यातले नव्हे. ते जनरल इलेक्ट्रिकचे चार-स्ट्रोक इंजिन आहे, आणि चर्चेत दोघांचे सुटे भाग एकमेकांना चालतील असे जे म्हटले गेले, ते बरोबर नाही.