खेळ-शंका : २२-० ने जिंकलं, जमा किती?

प्रश्न : मेजर लीग बेसबॉलमध्ये एखादा संघ २२-० असा जिंकला, तर क्रिकेटच्या नेट रनरेटसारखा त्याचा तक्त्यात फायदा होतो का? (एक वाचक, ठाणे)

होत नाही. १-० असो की २२-०, विजय एकच धरतात. दोन संघांचे विजय सारखे झाले तर आधी त्यांच्या आपसातल्या लढती बघतात, धावांचा फरक नाही.

१९०० नंतरचा शून्यावरचा सर्वात मोठा विजय २२-० हाच आहे, आणि तो दोनदा झाला. १६ सप्टेंबर १९७५ ला पिट्सबर्ग पायरेट्सने शिकागो कब्जला रिग्ली फील्डवर, तर ३१ ऑगस्ट २००४ ला क्लीव्हलंडने न्यूयॉर्क यँकीजला यँकी स्टेडियमवर हरवलं. दुसऱ्या सामन्याची पुढची गंमत अशी, की त्याच मोसमात यँकीज १०१ सामने जिंकून आपल्या गटात पहिले आले आणि क्लीव्हलंड ८० विजय, ८२ पराभवांवर थांबलं. एकच मोठा स्कोअर पाहून संघाची ताकद ठरवू नये, ते यासाठी.

दोन्ही वेळा पाहुणा संघ जिंकला, हेही ध्यानात घ्या. बेसबॉलमध्ये प्रत्येक संघाला ९ इनिंग (बॅटिंगच्या पाळ्या) असतात आणि पाहुणे आधी खेळतात, म्हणून पुढे असले तरी त्यांना नवव्या इनिंगमध्ये बॅटिंग मिळतेच. यजमान पुढे असतील तर ते नववी खेळतच नाहीत, म्हणजे त्यांना स्कोअर फुगवायला एक इनिंग कमी.

प्रश्न : संघाने शटआउट दिला (समोरच्याला शून्यावर रोखलं) म्हणजे पिचरच्या (चेंडू टाकणाऱ्याच्या) नावावरही शटआउट लागतो ना? (पुणे)

त्याने पूर्ण सामना एकट्याने टाकला तरच. १९७५ च्या सामन्यात जॉन कँडेलारियाने ७ इनिंगमध्ये फक्त ३ हिट (बेस गाठून देणारे फटके) दिले, पण उरलेल्या २ इनिंग दुसऱ्याने टाकल्या. विजय कँडेलारियाचा, शटआउट मात्र संघाचा. (पहिल्या इनिंगमध्ये एकही बाद नसताना, धाव होण्याआधी आलेल्या आणि शेवटपर्यंत टाकणाऱ्या पिचरला यात सूट आहे, असं क्वचित घडतं.) क्षेत्ररक्षकाच्या चुकीमुळे धाव गेली तर ती पिचरच्या अर्न्ड रनमध्ये (त्याच्या स्वतःच्या दोषाने गेलेल्या धावांत) धरत नाहीत, पण शटआउट मोडतोच.

आणि ९ धावांची आघाडी पहिल्याच इनिंगमध्ये मिळाली होती, तर कँडेलारियाला शेवटपर्यंत कशाला राबवायचं? त्या दिवशी रेनी स्टेनेटने ७ पैकी ७ हिट मारले, तरी आठव्या इनिंगमधल्या सातव्या हिटनंतर त्याच्याही जागी बदली धावपटू पाठवला.

प्रश्न : सामना इतका एकतर्फी झाला तरी थांबवत का नाहीत? (एडिसन, न्यू जर्सी)

मेजर लीगमध्ये तसा नियमच नाही. वर्ल्ड बेसबॉल क्लासिक या देशांच्या स्पर्धेच्या गटसामन्यांत आहे : ५ इनिंगनंतर १५ किंवा ७ इनिंगनंतर १० धावांची आघाडी असली की सामना संपतो. लीगमध्ये मात्र डाव घोषित करण्याचीही सोय नाही; मागे असलेल्या संघाचे २७ बाद (९ इनिंग, प्रत्येकी ३) होईपर्यंत सामना चालतो, आणि तोवर कोणीतरी पिचिंग करावंच लागतं.

खरं दुखणं इथेच आहे. सुरुवातीचा पिचर लवकर कोसळला की उरलेल्या इनिंग बुलपेनवर, म्हणजे रिलीव्हर या बदली पिचरांच्या ताफ्यावर येतात. चांगले रिलीव्हर हरलेल्या सामन्यात खर्च केले तर उद्याची पंचाईत. म्हणून मॅनेजर आधी लांब पल्ला टाकणारा रिलीव्हर काढतो आणि अगदीच गेलेल्या सामन्यात एखाद्या क्षेत्ररक्षकाच्या हाती चेंडू देतो. तो सांभाळून, संथ टाकतो. फटके खातो, पण बुलपेनला विश्रांती मिळते. २०२३ पासून यावर मर्यादा आहे : तुम्ही ८ किंवा जास्त धावांनी मागे असाल तर केव्हाही, १० किंवा जास्त धावांनी पुढे असाल तर फक्त नवव्या इनिंगमध्ये, जादा इनिंगमध्ये मोकळीक. म्हणून शेवटच्या इनिंगमधल्या धावा फार मनावर घेऊ नका.

प्रश्न : अशा सामन्यात सेव्ह मिळतो का? (नाशिक)

सेव्ह म्हणजे जिंकत्या संघाची आघाडी शेवटपर्यंत सांभाळणाऱ्या बदली पिचरच्या नावावर लागणारी नोंद. शेवटच्या किमान ३ इनिंग नीट टाकल्या तर आघाडी कितीही असो, मिळतो. टेक्सासने २२ ऑगस्ट २००७ ला बाल्टिमोरला ३०-३ हरवलं, तेव्हा वेस लिटलटनला चक्क सेव्ह मिळाला. नियमात बसतो, पण हसू येतंच.