‘असंच असतं त्यांचं’ म्हणून सोडू नका

या वेळच्या पत्रांत काही प्रश्न वाचता-लिहिताना अडणाऱ्या मुलांचे आहेत, काही बौद्धिक अक्षमता असलेल्या मोठ्या माणसांचे. पहिल्यांची बुद्धी चारचौघांसारखीच असते, अक्षरं-आकडे तेवढे जड जातात. दुसऱ्यांना समजायला आणि रोजचे व्यवहार शिकायलाच जास्त वेळ आणि आधार लागतो. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्हींची वेगवेगळी नोंद आहे.

मुलगा मराठी शाळेत चौथीला आहे. तोंडी सगळं सांगतो, वाचायला बसवलं की रडतो. काना-मात्रा गाळतो. गुरुजी म्हणतात, मराठी, कन्नड, इंग्रजी अशा तीन भाषांनी गोंधळ होतोय. वडील म्हणतात, आळशी आहे. – एक आई, खानापूर तालुका

ताई, तीन भाषांमुळे डिस्लेक्सिया, म्हणजे बुद्धी असूनही वाचता-लिहिताना अडणं, होत नाही. आपल्याकडची कितीतरी मुलं घरी मराठी, बाजारात कन्नड अशीच वाढतात आणि नीट वाचायला लागतात. फक्त कन्नड अडत असती तर मी थांबा म्हटलं असतं. तुमचा मुलगा घरात बोलतो त्याच भाषेत अडतोय.

एक करून पाहा. वही-पेन्सिल बाजूला ठेवा आणि नुसतं तोंडी विचारा, ‘कमळ’मधला ‘क’ काढला तर काय उरलं? चौथीतली बहुतेक मुलं पटकन ‘मळ’ म्हणतात. अशा चार-पाच शब्दांना तो घुटमळला, तर शब्दातले आवाज सुटे करणंच त्याला अवघड जात असावं. एवढ्यावर निदान होत नाही, पण तपासणीला न्यायला हे कारण पुरेसं आहे.

आधी नजर आणि कान तपासा. मग क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडून मूल्यमापन करून घ्या, आणि तेही मराठीतून. मराठीत शिकणाऱ्या मुलाला कन्नड किंवा इंग्रजी उतारा देऊन काढलेला निष्कर्ष मी मानत नाही. चाचणी कोणत्या भाषेत झाली, हे अहवालावर लिहून मागा.

वर सांगितलेल्या २०१६च्या कायद्याच्या १७व्या कलमात जादा वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांचा स्पष्ट उल्लेख आहे. सीमाभागातल्या मुलासाठी ही भाषेची सूट फार मोलाची. त्यासाठी परीक्षा मंडळाला कोणते कागद लागतात, ते दहावी उजाडायच्या आत शाळेत विचारून ठेवा. बोलण्यातली कन्नड मात्र सोडू देऊ नका, इथं राहायचं तर ती लागतेच. वाचनाचा सराव रोज थोडाच घ्या, बाकीचे धडे तुम्ही वाचून दाखवा आणि उत्तरं तोंडी घ्या. आणि हे त्याच्या वडिलांनाही वाचायला द्या. रोज ‘आळशी’ ऐकणारं पोर शेवटी प्रयत्नच सोडतं.

मुलाला डिस्लेक्सिया आहे. मेंदूचं टॉनिक, ब्राह्मी वगैरे दिलं तर फरक पडेल का? – एक वडील, बेळगाव

नाही. डिस्लेक्सियावर औषध नाही. सोबत एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) किंवा फिट्स असतील तर त्यांचे उपचार वेगळे, ते डॉक्टर ठरवतील. बाटल्यांवरचा पैसा विशेष शिक्षकावर खर्च करा.

बहीण ३४ वर्षांची, डाऊन सिंड्रोम आहे. भाकऱ्या थापायची, गप्पा मारायची. चार महिने झाले, नुसती बसून असते, वजनही वाढलंय. दवाखान्यात म्हणाले, ‘असंच असतं त्यांचं.’ – एक भाऊ, निपाणी

दादा, असं नसतं! डाऊन सिंड्रोम, म्हणजे जास्तीच्या गुणसूत्रामुळे येणारी बौद्धिक अक्षमता, जन्मापासून होता, भाकऱ्या चार महिन्यांपूर्वी थांबल्या. मग या चार महिन्यांत काय झालं, ते शोधायला हवं. या सिंड्रोममध्ये थायरॉइड मंदावण्याचं प्रमाण बरंच असतं आणि तुम्ही लिहिलेली लक्षणं त्यात बसतात. याच आठवड्यात टीएसएच ही थायरॉइडची रक्तचाचणी करा आणि पुढेही दरवर्षी करत राहा. शिवाय कान, मोतीबिंदू, दात, बद्धकोष्ठ, झोपेत श्वास अडकणं हे सगळं पाहून घ्या. घरातलं कुणी वारलं का, कुणी लग्न होऊन गेलं का? तिलाही उदासी येते, फक्त ती शब्दांत सांगत नाही. डाऊनमध्ये अल्झायमर हा विस्मरणाचा आजार लवकर गाठतो हे खरं, पण तिच्या वयात आधी बरं होण्याजोगं सगळं तपासायचं.

जाताना एका कागदावर लिहून न्या: आधी काय काय करायची, काय थांबलं, कधीपासून. डॉक्टरांना आधी तिच्याशी बोलायला सांगा. ‘पोट दुखतं का?’ म्हटलं तर ती ‘हो’ म्हणेल, ‘डोकं?’ म्हटलं तरी ‘हो’. त्यापेक्षा ‘कुठं दुखतंय, हात ठेव’ असं विचारा आणि उत्तराला वेळ द्या. डॉक्टर कन्नड बोलणारे असतील तर तुम्ही मध्ये सांगा, पण तिचंच उत्तर सांगा, तुमचा अंदाज नको. रक्त घेण्याआधी सुई कुठं टोचणार, ते डॉक्टरांनी तिला दाखवावं असं सांगा.

मुलगा २२ वर्षांचा, बौद्धिक अक्षमता आहे. बँक पालकत्वाचे कागद मागते. आईबाप असून कागद कशाला? – एक वडील, चिकोडी तालुका

अठरा पूर्ण झाली की आईवडीलही कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. १९९९च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्ह्यात स्थानिक समिती असते, जिल्हाधिकारी तिचे प्रमुख. तिच्याकडे पालकत्वाचा अर्ज करायचा. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, नसेल तर ते आधी काढा. याच ट्रस्टच्या ‘निरामय’ योजनेत वर्षाला एक लाखापर्यंत आरोग्य विमा मिळतो, त्याचीही चौकशी करा. तुमच्यानंतर भावंडांपैकी कुणाकडे राहायचं, हे मुलालाही विचारा आणि हातीपायी धड आहात तोवरच ठरवून ठेवा.