पायथॉन येतं. पुढे गो शिकू की रस्ट? आणि एआयच्या काळात नवी भाषा शिकण्यात अर्थ आहे का?

तुम्ही लिहिलंय की दोनेक वर्षं पायथॉनमध्ये रिपोर्टच्या स्क्रिप्ट लिहिताय, एक छोटी वेबसाइटही केलीत, आणि आता बॅकएंडच्या (वेबसाइटच्या मागे सर्व्हरवर चालणाऱ्या) कामाकडे वळायचंय. एकजण गो सांगतो, दुसरा रस्ट, तिसरा म्हणतो एआय सगळं लिहितंय, कशाला डोकं शिणवतेस.

मी बॅकएंडचंच काम करते. तुमच्या जागी असते तर आधी एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) नीट शिकले असते, मग गो घेतलं असतं, आणि रस्ट निदान वर्षभर पुढे ढकललं असतं. आता कारणं सांगते.

लोकप्रिय भाषांच्या याद्या बाजूला ठेवा. टिओबी या कंपनीची यादी सर्च इंजिनांवर भाषेचं नाव किती सापडतं यावरून बनते. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटच्या वार्षिक सर्वेक्षणात २०१६ पासून रस्ट वर्षानुवर्षं सगळ्यात आवडती भाषा ठरत आलीय, पण त्याच सर्वेक्षणात प्रत्यक्ष वापरणाऱ्यांच्या संख्येत ती बरीच खाली दिसते. दोन्ही आकडे खरे. पण ज्या प्रश्नांची ती उत्तरं आहेत त्यातला एकही तुमचा प्रश्न नाही.

शिवाय भाषेचं नशीब बऱ्याचदा भाषेबाहेरच ठरतं. जावास्क्रिप्टची पहिली आवृत्ती ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये दहा दिवसांत उभी केली. ती टिकली, कारण ब्राउझरमध्ये चालायचं तर वर्षानुवर्षं दुसरा मार्गच नव्हता. पायथॉन १९९१ पासून आहे, पण डेटाच्या कामात त्याचा दबदबा झाला तो नमपाय आणि पांडाज या लायब्ररी आल्यावर. कॉटलिन २०११ मध्ये जाहीर झालं आणि अँड्रॉइडवाल्यांनी ते खऱ्या अर्थाने मनावर घेतलं २०१७ मध्ये, गूगलने अधिकृत पाठिंबा दिल्यावर. म्हणून आधी काम ठरवायचं. आयफोनचं ॲप करायचंय तर स्विफ्ट, ब्राउझरमध्ये काही दाखवायचंय तर जावास्क्रिप्ट आणि मग टाइपस्क्रिप्ट, मायक्रोकंट्रोलरशी झटायचंय तर सी. तिथे फार विचार करण्यासारखं काही नसतं. बॅकएंडला मात्र जावा आहे, सी शार्प आहे, गो आहे, नोड (सर्व्हरवर चालणारं जावास्क्रिप्ट) आहे, आणि खुद्द पायथॉनही आहे. घोडं अडतं ते इथे.

अशा वेळी मी एकच गोष्ट बघते: हातातली भाषा माझ्यापासून काय झाकून ठेवते, आणि नवी भाषा ते उघडं करते का?

एक साधा प्रयोग करा. १, २, ३ अशी यादी घ्या, तिला 'अ' म्हणा. मग लिहा की 'ब' म्हणजे 'अ'. 'ब'मध्ये शेवटी ४ टाका आणि 'अ' छापा. पायथॉनमध्ये चार आकडे दिसतील, कारण यादी एकच आहे, नावं दोन. जावास्क्रिप्टमध्येही चार, रुबीतही चार. सी प्लस प्लसच्या व्हेक्टरमध्ये (तिथली यादी) तीनच दिसतील, तिथे 'ब' ही वेगळी प्रत झाली. रस्टमध्ये प्रोग्राम कंपाइलच होणार नाही, म्हणजे चालायच्या आधीच अडेल. यादीची मालकी 'ब'कडे गेली, आता 'अ'ला हात लावता येणार नाही, असं कंपायलर तोंडावर सांगतो. गोमध्ये गंमत आहे. 'अ' तीनच आकडे दाखवेल, पण ४ टाकायच्या आधी 'ब'चा पहिला आकडा बदललात तर 'अ'चाही बदलेल, कारण तोपर्यंत दोघांच्या खालची जागा एकच असते. ४ टाकताना ती जागा पुरली नाही की 'ब'ला नवी जागा मिळते आणि दोघांच्या वाटा वेगळ्या होतात.

हे सगळे प्रकार एका संध्याकाळी करून बघता येतात, आणि 'प्रत की तीच वस्तू' हा प्रश्न मग डोक्यातून जात नाही. पायथॉननंतर रुबी घेतली असती तर हा प्रश्न पडलाच नसता. रुबी छान भाषा आहे, मला तिच्याबद्दल काही तक्रार नाही, पण पायथॉनवाल्याला ती फारसं कोड्यात टाकत नाही.

मग सगळ्यात जास्त उघडं करणारं रस्टच का घेऊ नये? कारण ते एका दमात सगळंच उघडं करतं: मालकी, उसनवारी (मालकी न घेता वापरणं), लाइफटाइम (ती उसनवारी किती काळ चालेल), स्ट्रिंगचे दोन प्रकार. हे नियम ज्या चुका टाळण्यासाठी आहेत त्या पायथॉनमध्ये राहणाऱ्या माणसाने सहसा पाहिलेल्याच नसतात. मोकळी केलेली मेमरी पुन्हा वाचणं, दोन थ्रेडनी (एकाच प्रोग्राममध्ये समांतर चालणाऱ्या कामांनी) एकाच वेळी एकाच जागी लिहिणं, यातलं काही अंगावर आलेलं नसतं. त्यामुळे नियम पाठ होतात, त्यांची गरज पटत नाही, आणि दोन महिन्यांत माणूस कंटाळून सोडतो. गोमध्ये त्यातल्या निम्म्या गोष्टी भेटतात आणि भाषाही आटोपशीर आहे. तिचे राखीव शब्द फक्त २५. न वापरलेलं व्हेरिएबल ठेवलंत तर कंपाइल होत नाही. सुरुवातीला वैताग येतो, मग सवय होते.

आता शिकायचं कसं. व्हिडिओ बघत राहू नका. पायथॉनमध्ये तुम्ही स्वतः लिहिलेली, कामाची, शंभरेक ओळींची एखादी स्क्रिप्ट घ्या आणि तीच नव्या भाषेत लिहा. काय करायचंय हे आधीच माहीत असतं, त्यामुळे सगळं लक्ष भाषेवर राहतं. माझं ठरलेलं उदाहरण म्हणजे सर्व्हरची लॉग फाइल वाचायची, कुठल्या पत्त्यावरून किती विनंत्या आल्या ते मोजायचं आणि पहिले दहा छापायचे. पायथॉनमध्ये 'काउंटर' (मोजणीची तयार सोय) वापरून हे सात-आठ ओळींत होतं. गोमध्ये त्याच्या चौपट ओळी लागतात, आणि त्या वाढलेल्या ओळींतच खरी शिकवणी असते.

पहिली अडचण क्रमाची. दोन पत्त्यांची संख्या सारखी असेल तर पायथॉनचा काउंटर आधी आलेला पत्ता आधी देतो, दर वेळी तसाच. गोमध्ये मॅपवर (पत्ता आणि त्याची संख्या अशा जोड्यांचा साठा) फिरण्याचा क्रम मुद्दामच अनिश्चित ठेवलाय. प्रोग्राम दोनदा चालवा, तळाच्या दोन ओळी जागा बदललेल्या दिसतील, आणि तुम्ही लिहिलेली टेस्ट कधी पास होईल, कधी फेल. तेव्हा लक्षात येतं की संख्या सारखी असताना कोण वर येणार हे आपण कधी ठरवलंच नव्हतं, पायथॉनने ते परस्पर ठरवून टाकलं होतं.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. गोमध्ये फाइल ओळीओळीने वाचायला बहुतेक जण 'स्कॅनर' वापरतात. त्याची एका ओळीची मर्यादा मूळ सेटिंगमध्ये ६४ केबी आहे. लॉगमध्ये एखादी ओळ त्याहून लांब निघाली (कोणीतरी आख्खी विनंतीच लॉगमध्ये ओतलेली असते, असं होतं) की लूप गुपचूप थांबतो. प्रोग्राम पडत नाही, लाल अक्षरांत काही येत नाही. पहिले दहा पत्ते छापले जातात, आकडे पटण्यासारखे असतात आणि अर्धी फाइल वाचलेलीच नसते. लूप संपल्यावर स्कॅनरला 'काही एरर आला का' असं वेगळं विचारावं लागतं, तेव्हाच तो सांगतो. गोमध्ये दर चार ओळींनी एरर तपासायचा जो प्रकार दिसतो आणि ज्याची लोक टिंगल करतात, तो कशासाठी आहे हे अशा एका प्रसंगातून कळतं.

तिसरी अडचण फाइलमध्ये यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटांत साठवायची पद्धत) न बसणारा एखादा खराब बाइट असेल तर येते. यूटीएफ-८ म्हणून उघडली असेल तर पायथॉन तिथे अपवाद फेकून थांबतं. रस्टमध्ये प्रत्येक ओळ 'मिळाली किंवा एरर' अशा वेष्टनात येते, ते उघडल्याशिवाय पुढे जाता येत नाही. गो तो बाइट तसाच पुढे सरकवतं, त्याच्या लेखी स्ट्रिंग म्हणजे नुसते बाइट. तिन्ही भाषांची वागणूक आपापल्या जागी रास्त आहे. पण तुमच्या कामात काय व्हायला हवं? थांबावं, ओळ सोडावी की तशीच मोजावी? हा निर्णय तुमचा होता आणि तो आजवर घेतलेलाच नव्हता. मला नव्या भाषेकडून एवढंच हवं असतं.

एसक्यूएल आधी का म्हटलं ते सांगायचं राहिलं. बॅकएंडची भाषा कुठलीही असो, खाली डेटाबेस असतोच, आणि हळू चालणाऱ्या वेबसाइटचं दुखणं बहुतेक वेळा तिथेच सापडतं. रिलेशनल मॉडेलवरचा (डेटा टेबलांत मांडायची पद्धत) कॉड यांचा शोधनिबंध १९७० चा, एसक्यूएलचा पूर्वज १९७४ चा. इतक्या वर्षांत वर किती भाषा आल्या-गेल्या, हे जागेवर आहे. तुमच्याच वेबसाइटचं उदाहरण घ्या. शंभर ऑर्डरची यादी दाखवायची, प्रत्येकीसमोर ग्राहकाचं नाव. ओआरएम (एसक्यूएल न लिहिता डेटाबेस वापरू देणारी लायब्ररी) वापरून सरळ लूप लिहिला की ऑर्डरसाठी एक आणि प्रत्येक ग्राहकासाठी एक, अशा १०१ क्वेरी (डेटाबेसला विचारलेले प्रश्न) जातात. तुमच्या लॅपटॉपवर दहा ऑर्डर असतात म्हणून कळत नाही. हाच कोड गोमध्ये लिहिलात तरी १०१ च जातील. जॉइन (दोन टेबलं जोडणं) आला की एका क्वेरीत काम होतं. तेव्हा जॉइन, ग्रुप बाय, इंडेक्स, ट्रान्झॅक्शन आणि 'एक्स्प्लेन' वाचता येणं एवढं आधी पक्कं करा. 'एक्स्प्लेन'कडे लोक फार उशिरा वळतात. आपली क्वेरी इंडेक्स वापरते की आख्खं टेबल चाळते हे तो उघड सांगतो. मी तर म्हणेन ओआरएमला आठवडाभर सुट्टी द्या आणि सगळ्या क्वेरी हाताने लिहा.

गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) आणि टर्मिनल तुम्हाला येत असेल असं गृहीत धरते. येत नसेल तर गोच्याही आधी ते.

आता एआय. मी रोज वापरते. सिंटॅक्स आठवून देण्यात, कंटाळवाणा कोड पाडण्यात ते तरबेज आहे, आणि 'या भाषेत फाइल कशी उघडतात' यासाठी आता कोणी पानं उलटत बसू नये. पण तोच लॉगचा प्रोग्राम घ्या आणि त्याला सांगा, 'वीस फाइल एकदम वाच, वेग हवा.' बऱ्याचदा छान, सुटसुटीत कोड येतो. कधीकधी त्यात वीस गोरूटीन (गोमधली एकाच वेळी चालणारी कामं) एकाच मॅपमध्ये आकडे वाढवत असतात. लहान फाइलवर तो नीट चालतोही. खऱ्या लॉगवर मात्र दोन गोरूटीन एकाच क्षणी मॅपमध्ये लिहायला गेल्या, आणि ते गोच्या लक्षात आलं, की आख्खा प्रोग्राम जागीच बंद पडतो. पायथॉनमध्ये जीआयएलमुळे (एका वेळी एकच थ्रेड चालू देणारं कुलूप) निदान डिक्शनरी तरी शाबूत राहते, त्यामुळे तिथून आलेल्या माणसाला हा धोका दिसतच नाही. इलाज दोन: मॅपला कुलूप लावा, नाहीतर प्रत्येक गोरूटीनला स्वतःचा मॅप द्या आणि शेवटी बेरीज करा. मला दुसरा आवडतो. गोमध्ये अशी टक्कर पकडायला रेस डिटेक्टर आहे, टेस्ट चालवताना तो चालू ठेवा. तो कोड एआयने लिहिला की तुम्ही, हे तिथे गौण आहे. तो वाचून 'इथे कुलूप कुठंय?' असं विचारणारं माणूस लागतं, आणि तो प्रश्न सुचण्यासाठी भाषा आतून माहीत असावी लागते.

शिकत असताना माझा एक नियम आहे, पटला तर घ्या: पहिला कोड स्वतः टाइप करायचा, अडलं तर कंपायलरचा एरर पूर्ण वाचायचा, आणि त्यानंतरच एआयला विचारायचं, तेही 'दुरुस्त करून दे' असं न म्हणता 'हा एरर का आला' असं.

शिकलेलं वाया जाईल अशी भीती तुमच्या प्रश्नात डोकावते. कॉफीस्क्रिप्टचं बघा, जावास्क्रिप्टमध्येच रूपांतर होणारी भाषा. २००९ मध्ये आली, २०११ मध्ये रेल्स या रुबीच्या वेब फ्रेमवर्कने सोबतच द्यायला सुरुवात केली, आणि २०१५ च्या जावास्क्रिप्टमध्ये ॲरो फंक्शनसारख्या बऱ्याच सोयी आल्यावर तिची गरजच उरली नाही. पण ज्यांनी ती वापरली होती त्यांना नवं जावास्क्रिप्ट पहिल्या दिवशी ओळखीचं वाटलं. टाइपस्क्रिप्ट घडवणारे आंदेर्स हेयल्सबर्ग हे त्याआधी टर्बो पास्कल, डेल्फी आणि सी शार्पमागेही होते. टाइपस्क्रिप्ट शिकताना सी शार्पवाल्यांना घरच्यासारखं वाटतं ते उगाच नाही.

दोन भाषा एकदम मात्र सुरू करू नका. एक ना धड भाराभर चिंध्या होतात. गोमध्ये तुमचा एखादा प्रोग्राम दुसरं कोणीतरी वापरतंय आणि त्यांनी दाखवलेला बग तुम्ही शोधून काढलाय, इथवर आलात की मग खुशाल रस्ट उघडा. तोवर उसनवारीचे नियम कशासाठी आहेत हे सांगायची गरज उरणार नाही.

सर्टिफिकेट घ्यावं का, हेही विचारलंत. मी इंटरव्ह्यू घेते तेव्हा ते बघत नाही. उमेदवाराने स्वतः लिहिलेला एखादा प्रोग्राम उघडायला सांगते, त्यात एक लहानसा बदल सुचवते, 'पहिल्या दहाऐवजी शेवटच्या तासाभरातले पहिले दहा दाखव' असा काहीतरी, आणि तो बदल करताना ती व्यक्ती कुठली फाइल आधी उघडते ते बघत बसते.