नव्या उपनिरीक्षकांसाठी: खचलेला सहकारी कसा ओळखावा

पोलीस ठाण्यात रुजू होताच आपल्याला अंमलदारांच्या मनःस्थितीची काळजी वाटली, याचे मला मनापासून समाधान आहे. सुरुवातीला फार वाचत बसू नका. रोजच्या हजेरीत चेहऱ्यांकडे नीट पाहा. नेहमी वेळेवर येणारा अंमलदार वारंवार उशिरा येऊ लागला, गणेशोत्सवाचा बंदोबस्त संपून आठवडे लोटले तरी झोप लागत नाही म्हणू लागला, त्याचे मद्यपान वाढले किंवा ‘माझ्यावाचून कुणाचे अडत नाही’ असे तो सहज बोलून गेला, तर ते गांभीर्याने घ्या. विभागीय चौकशी, निलंबन, कर्ज किंवा घरातील कलह सुरू असेल, तर अधिक जपा.

नवखे अधिकारी बहुधा थेट विचारायला कचरतात. आत्महत्येचा विचार येतो का, असे एकांतात स्पष्ट विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही, उलट बोलायला वाट मिळते. ‘वर्दीतल्या माणसाने खचायचे नसते’ हे वाक्य मात्र कधीही उच्चारू नका. त्याने माणूस कायमचा गप्प होतो.

उत्तर होकारार्थी आले, तर:

- त्याला एकटे सोडू नका आणि ही गोष्ट गुप्त ठेवण्याचे वचन देऊ नका.
- शासकीय शस्त्र, त्याचा अपमान न करता, शस्त्रागारात जमा करून घ्या.
- त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे स्वतः सोबत जा. ‘टेली-मानस’ या शासकीय मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक रात्रंदिवस सुरू असतो.

तो कामावर परतल्यावर लगेच रात्रपाळी लावू नका.