भाषण सोड, मागण्या वाच

तुला अनेक आशीर्वाद.

खासदारांच्या ऑफिसात रिसर्चचं काम मिळालं हे वाचून फार आनंद झाला. तू विचारलंस की बजेटची तयारी कुठून सुरू करू, १ फेब्रुवारीचं भाषण नीट ऐकून नोट्स काढल्या तर चालेल का. ऐक ना, जरूर ऐक, पण त्यावर थांबू नकोस. भाषणात कितीही मोठी घोषणा झाली तरी नुसत्या घोषणेवर सरकारला तिजोरीतून एक रुपया काढता येत नाही. राज्यघटनेच्या कलम २६६ मध्ये सरळ लिहिलंय की भारताच्या एकत्रित निधीतून, म्हणजे केंद्र सरकारच्या मुख्य तिजोरीतून, पैसा काढायचा तर कायदा लागतो. तो कायदा म्हणजे विनियोजन कायदा. तो दरवर्षी नवा करावा लागतो, ३१ मार्चला वर्ष संपलं की न वापरलेली मंजुरी पण संपते, मार्च एन्डिंगची सगळी धावपळ त्याच्यामुळेच. सरकारकडे कितीही मोठं बहुमत असू दे, दरवर्षी लोकसभेपुढे येऊन पैसे मागावेच लागतात, आणि मला ही आपल्या संसदेच्या हातातली सगळ्यात मोठी ताकद वाटते.

आता हे मागणं होतं कसं, तर प्रत्येक मंत्रालय किंवा खात्याची वेगळी अनुदानाची मागणी असते, म्हणजे वर्षभराच्या खर्चासाठी किती पैसे हवेत याचा प्रस्ताव, सगळ्या मिळून शंभरच्या आसपास. त्या फक्त लोकसभेत मतदानाला येतात. बजेट मांडून झालं की मध्ये अधिवेशनाला सुट्टी असते आणि त्या काळात खासदारांच्या २४ स्थायी समित्या आपापल्या खात्यांच्या मागण्या तपासतात, एका समितीत ३१ जण, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे. सचिवांना बोलावून विचारतात की गेल्या वर्षी पैसे का उरले, यंदा एवढे कशाला. इथे कॅमेरा नसतो म्हणून खासदार पक्ष बाजूला ठेवून बोलतात. समितीची शिफारस सरकारवर बंधनकारक नाही हे खरं, तरी तुझ्या कामाचा सगळ्यात जास्त उपयोग इथेच होणारे, कारण सभागृहात पोचेपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

उशीर का म्हणते ते सांगते. सभागृहात मोजक्याच मंत्रालयांवर चर्चा होते, ठरलेल्या शेवटच्या दिवशी उरलेल्या सगळ्या मागण्या चर्चेविना एकदम मताला टाकतात, याला गिलोटिन म्हणतात. काही उरल्या तर समजू शकते, वेळ कमी असतो. पण २०१८ मध्ये आणि परत २०२३ मध्ये गदारोळात सगळ्याच मागण्या अशा गेल्या. २०२३-२४ चं बजेट ४५ लाख कोटींचं होतं आणि एकाही मंत्रालयाच्या खर्चावर लोकसभेत चर्चा झाली नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. गोंधळ कुठल्या बाजूने सुरू केला हा वाद चालू राहील, पण विचारायचे प्रश्न राहून गेले ते गेलेच.

कपात सूचना, म्हणजे मागणीतली रक्कम कमी करा असं सुचवणं, पण नीट समजून घे, खासदार हमखास विचारतील. धोरणच मान्य नसेल तर मागणी १ रुपयावर आणा म्हणायचं, खर्च जास्त वाटत असेल तर ठरावीक रकमेची कपात सुचवायची, आणि एखादी तक्रार मांडायची असेल तर १०० रुपयांची कपात. सूचना मंजूर होणं जवळपास अशक्य, कारण मंजूर झाली तर सरकारने विश्वास गमावला असा अर्थ निघतो. तरी तिच्यामुळे विषय रेकॉर्डवर येतो, म्हणून लिहायला आळस करू नकोस. एक मर्यादा मात्र आहे, खासदार मागणी कमी करा म्हणू शकतात, वाढवा म्हणू शकत नाहीत. आणि काही खर्च मतदानाला येतच नाही, त्याला भारित खर्च म्हणतात, त्यात राष्ट्रपतींचं मानधन, सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीशांचे पगार आणि सरकारी कर्जावरचं व्याज येतं. यावर चर्चा करता येते, मत देता येत नाही. नुसतं व्याजच २०२३-२४ मध्ये १० लाख कोटींच्या वर गेलं, म्हणजे संसदेच्या मताबाहेरचा भाग किती मोठा आहे बघ.

मागण्या मंजूर झाल्या की मग विनियोजन विधेयक येतं, आणि इथे नवीन लोकांची गल्लत होते, त्यांना वाटतं खरी लढाई विधेयकावर असेल. तसं नाहीये. कलम ११४ प्रमाणे मंजूर झालेली रक्कम किंवा ती कशासाठी आहे हे बदलणारी दुरुस्ती त्या विधेयकाला मांडताच येत नाही. ते मनी बिल, म्हणजे फक्त पैशांबाबतचं विधेयक, असल्यामुळे राज्यसभेला १४ दिवसांत परत पाठवावं लागतं, सूचना करता येतात, अडवता येत नाही. निवडणुकीच्या वर्षी वेळ नसतो म्हणून लेखानुदान घेतात, म्हणजे पूर्ण बजेट मंजूर होईपर्यंत काही महिन्यांच्या खर्चापुरती मंजुरी, जसं २०२४ मध्ये फेब्रुवारीत अंतरिम बजेट आलं आणि पूर्ण बजेट २३ जुलैला.

आणि विधेयक पास झालं की फाइल बंद करू नकोस प्लीज. वर्षभरात पुरवणी मागण्या, म्हणजे मंजूर रक्कम पुरत नाही म्हणून केलेल्या जादा मागण्या, येतात, त्यांच्याकडे कोणी फारसं बघत नाही आणि म्हणूनच बघायचं. मग कॅग, म्हणजे सरकारी हिशोब तपासणारी घटनात्मक संस्था, हिशोब तपासतं, मंजुरीपेक्षा जास्त खर्च झाला असेल तर लोकलेखा समितीने (सरकारी खर्च तपासणारी खासदारांची समिती) कारणं तपासल्यावर तो परत लोकसभेकडून मंजूर करून घ्यावा लागतो. तसंच १०० कोटी किंवा त्याहून जास्त पैसे न वापरता राहिले तर त्याचंही स्पष्टीकरण या समितीला द्यावं लागतं. माझ्या मते न वापरलेला पैसा हा जास्त खर्चाइतकाच गंभीर प्रश्न आहे. गरज आहे म्हणून मागितला, संसदेने दिला, आणि ज्यांच्यासाठी होता त्यांच्यापर्यंत गेलाच नाही, ओरड मात्र फक्त उधळपट्टीची होते.

तर आता काम सांगते. सगळी मंत्रालयं घेऊ नकोस, एक घे, ग्रामविकास घेतलंस तरी चालेल. खर्चाच्या बजेटमध्ये प्रत्येक योजनेपुढे चार आकडे असतात, दोन वर्षांपूर्वीचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा मूळ अंदाज, त्याचाच सुधारित अंदाज, आणि पुढच्या वर्षाचा अंदाज. ते चारही एका शीटमध्ये टाक. सुधारित अंदाज मूळ अंदाजापेक्षा बराच खाली आलेल्या योजना वेगळ्या काढ, आणि त्यातल्या कुणाचा पुढच्या वर्षाचा अंदाज तरीही वाढवलाय ते बघ. तुझे खासदार ज्या समितीत आहेत तिच्या जुन्या अहवालात त्या योजनेबद्दल काय म्हटलंय आणि सरकारने काय उत्तर दिलं तेही वाच, बरेचदा तेच उत्तर दरवर्षी आलेलं दिसेल. समितीची बैठक लागायच्या आधी तीन-चार प्रश्न लिहून मला पाठव, आपण फोनवर बसून ते नीट करू.

तुझी,
ताई