पाण्याला पाणी म्हण

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझी मेल रात्री उशिरा वाचली आणि मग झोप लागली नाही. तीन प्रश्न विचारलेस, पण खरा प्रश्न शेवटच्या ओळीत दडवलायस: "सर, गाईड म्हणतात आकडा जुळला ना, मग मटेरियलचं नाव डीएनए ठेव आणि पेपर पाठवून दे. ठेवू का?"

किरणांमुळे डीएनएचे धागे किती तुटतात ते तू जीआंट4-डीएनए या सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरवर काढतेयस. आकडा प्रयोगाशी जुळला, पण आत मटेरियल आहे पाणी.

ठेवू नकोस. पाण्याला पाणी म्हण.

आता कारणं सांगतो. पहिल्या आठवड्यात काय झालं ते तू नीट लिहिलंयस, त्याचा मला आनंद झाला. कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन, ऑक्सिजन, फॉस्फरस यांची टक्केवारी देऊन तू स्वतःचं डीएनए मटेरियल तयार केलंस, 500 ईव्हीचा (इलेक्ट्रॉन-व्होल्ट, ऊर्जेचं अगदी लहान एकक) इलेक्ट्रॉन सोडला आणि तो सरळ आरपार निघून गेला. एकही टक्कर नाही. मग दोन दिवस तू जॉमेट्रीतली चूक शोधत बसलीस. चूक जॉमेट्रीत नव्हतीच. जीआंट4-डीएनएची नेहमीची मॉडेल्स द्रवरूप पाण्यासाठी लिहिलेली आहेत. क्रॉस सेक्शनचा, म्हणजे टक्कर होण्याच्या शक्यतेचा, आकडा तिथे एकक घनफळातल्या पाण्याच्या रेणूंच्या संख्येने गुणला जातो, आणि तुझ्या मटेरियलमध्ये ती संख्या शून्य. शून्याने गुणल्यावर काय उरणार? मूलद्रव्यांची यादी उच्च ऊर्जेला चालते. 500 ईव्हीच्या इलेक्ट्रॉनला अणूंची यादी पुरत नाही. समोर रेणू कोणता, त्याचे बाहेरचे इलेक्ट्रॉन किती घट्ट बांधलेले, यावर सगळं ठरतं.

तिथून तू मागे फिरलीस, पाणी घेतलंस, घनता वाढवलीस आणि त्या पाण्याला डीएनए असं नाव दिलंस. पहिल्या आठवड्यात यंत्राने तुला स्वच्छ सांगितलं होतं की मला डीएनए माहीत नाही. दुसऱ्या आठवड्यात तू त्याच्या तोंडून डीएनए वदवून घेतलंस.

पाणी वापरण्यात लाज नाही, हेही ऐक. पेशीचा सत्तर टक्क्यांच्या आसपासचा भाग पाणीच आहे आणि द्रवरूप पाण्याचा अभ्यास जितका झालाय तितका कुठल्याही जैविक पदार्थाचा झालेला नाही. जीआंट4-डीएनएचा प्रकल्प 2001 साली युरोपीय अंतराळ संस्थेच्या पुढाकाराने सुरू झाला, कारण अंतराळवीरांच्या पेशींवर किरणांचा काय परिणाम होतो ते त्यांना समजून घ्यायचं होतं. डिसेंबर 2007च्या 9.1 आवृत्तीत त्याच्या पहिल्या प्रक्रिया सगळ्यांसाठी खुल्या झाल्या आणि पुढे फ्रान्समधल्या बोर्दोच्या मंडळींनी तो वाढवला. या लोकांनी पाणी निवडलं आणि पाणी निवडलं असं लिहिलं. भानगड केली ती नंतर आमच्यासारख्या वापरणाऱ्यांनी.

'आमच्यासारख्या' हा शब्द मी विचार करून वापरलाय. माझ्या पहिल्या मोठ्या कामात एक छोटा सिलिंडर होता, व्यास 2.3 नॅनोमीटर, उंची 3.4 नॅनोमीटर, म्हणजे डीएनएच्या दहा बेस जोड्यांएवढा तुकडा. आत पाणी. आलेखाखाली मी लिहिलं, 'डीएनएमधील आयनीभवन', म्हणजे रेणूतून इलेक्ट्रॉन बाहेर उडणं. एका परिषदेत मागच्या रांगेतल्या एका वयस्क बाईंनी विचारलं, "यात फॉस्फरस कुठे आहे?" मी काहीतरी गुळगुळीत उत्तर दिलं, सभाध्यक्षांनी पुढच्याला बोलावलं, मी सुटलो. काही वर्षांनी तोच आलेख मला दुसऱ्या कुणाच्या सादरीकरणात दिसला. विषय होता ऑजे इलेक्ट्रॉन (अगदी थोडं अंतर जाणारे कमी ऊर्जेचे इलेक्ट्रॉन) सोडणाऱ्या किरणोत्सारी औषधांचा, म्हणजे ज्यात डीएनएपासून दोन-चार नॅनोमीटरवर काय घडतं यावर डोसचा हिशोब अवलंबून असतो. आलेख माझा, खालचे शब्द माझे, आणि 'पाणी' हा शब्द कुठेच नाही. मी सभागृहात बसून होतो. उठून बोललो नाही. ती न उठल्याची गोष्ट मला अजून टोचते, म्हणून तुला एवढं लांब पत्र लिहितोय.

'फरक तरी किती पडणार?' असं तुझे गाईड म्हणाले. फरक पडतो. या सॉफ्टवेअरमध्ये द्रवरूप पाण्याचं पहिलं आयनीभवन 10.79 ईव्हीला होतं. डीएनएच्या चार बेसांपैकी ग्वानिनचा सुटा रेणू 8 ईव्हीच्याही थोडा खालीच इलेक्ट्रॉन सोडतो, ॲडेनिन त्याच्या जरा वर. ज्या दुय्यम, म्हणजे टक्करींतून सुटलेल्या, इलेक्ट्रॉनांची ऊर्जाच दहा-वीस ईव्ही आहे, त्यांच्यासाठी हे दोन-तीन ईव्ही किरकोळ कसे? आणि तुझ्या बहुतेक घटना त्याच इलेक्ट्रॉनांच्या आहेत.

तुला खरोखर पाण्यापलीकडे जायचं असेल तर वाट आहे. जर्मनीच्या ब्राउनश्वाइगमधली राष्ट्रीय मापनसंस्था पीटीबी हिने टेट्राहायड्रोफ्युरान, ट्रायमिथाइल फॉस्फेट आणि पिरिमिडीन यांची मोजमापं केली. पहिला डिऑक्सिरायबोजच्या, म्हणजे डीएनएतल्या साखरेच्या जागी, दुसरा फॉस्फेटच्या, तिसरा बेसांच्या. त्यावरची मॉडेल्स पॅकेजमध्ये आहेत, 'आयसीएसडी' नावाचं उदाहरण उघडून बघ. इलेक्ट्रॉनांसाठी ती साधारण 12 ईव्ही ते 1 केईव्ही (हजार ईव्ही) चालतात. त्या पलीकडे तुला दुसरं काहीतरी जोडावं लागेल आणि जोड कुठे दिली ते लिहावं लागेल. सीपीए100 या फ्रेंच परंपरेतल्या मॉडेलांचाही अलीकडे चारही बेसांपर्यंत विस्तार झालाय. पण इथेही माझा हट्ट तोच. पीटीबीची मोजमापं वायूतली आहेत. तिथे रेणू एकटा असतो. डीएनएच्या साखळीत तो शेजाऱ्यांना बांधलेला, भोवती पाणी आणि आयन. तेव्हा टेट्राहायड्रोफ्युरानला टेट्राहायड्रोफ्युरान म्हण. त्याला साखर म्हणायची घाई करू नकोस.

तुझा दुसरा प्रश्न, ऑप्शन 2, 4 आणि 6 यांतली फिजिक्स लिस्ट, म्हणजे सॉफ्टवेअरमधला तयार मॉडेलांचा संच, कुठली चांगली. हा प्रश्न मला दर वर्षी कुणीतरी विचारतं आणि दर वर्षी माझा संयम सुटतो. चांगली कशासाठी? ऑप्शन 2 इलेक्ट्रॉनचा माग 7.4 ईव्हीला सोडतं, ऑप्शन 4 दहाला, ऑप्शन 6 अकराला. कॅनडातल्या शेरब्रुकच्या लिऑन सांश यांच्या गटाने 2000 साली दाखवलं की 3 ते 20 ईव्हीचे इलेक्ट्रॉनही डीएनएचे धागे तोडतात. म्हणजे त्या पट्ट्याचा खालचा भाग तुझ्या हिशोबात कुठल्याही लिस्टने येत नाही. तिन्ही चालव, तिन्ही आकडे शेजारी शेजारी छाप. त्यांच्यातलं अंतर हीच तुझ्या अज्ञानाची किमान मर्यादा आहे. ते लपवणारा तक्ता मला दाखवू नकोस.

आणि तो थ्रेशोल्ड, म्हणजे धागा तुटला असं मानायला लागणारी किमान ऊर्जा. एका धाग्याच्या तुटण्यासाठी 17.5 ईव्ही धरतात, ते तू 21 केलंस, कारण 21 ला मोजमाप जुळतं. अगं, हे 17.5 तरी आलं कुठून? डीएनएत बसवलेल्या किरणोत्सारी आयोडीन-125च्या प्रयोगाशी सिम्युलेशन जुळवून 1980च्या दशकात काढलेला तो आकडा आहे. त्या काळचा कोड, त्या काळचं पाणी, त्यांनी धरलेलं घनफळ, सगळं त्यात मुरलेलं आहे. निसर्गाचा स्थिरांक नाही तो. कुणी 5 ते 37.5 ईव्हीपर्यंत वाढत जाणारी शक्यता धरतात, त्यांचंही तसंच. शिवाय हायड्रॉक्सिल मूलकाने (किरणांनी पाण्याच्या रेणूचा केलेला क्रियाशील तुकडा) धागा तोडण्याची शक्यता तू 0.4 धरलीस, तीही बदलून बघितलीस का? दोन खुंट्या पिळायला असतील तर एक आकडा कुणालाही जुळवता येतो. तुझ्या पाण्याला डीएनए म्हणण्याचा परवाना तो जुळलेला आकडा देत नाही. ज्या प्रयोगावर तू खुंटी पिळलीस तो सोडून दुसऱ्या प्रयोगावर, वेगळ्या ऊर्जेवर, खुंटीला हात न लावता चालव. तिथे काय निघतं ते लिही. न जुळलं तरी लिही.

तुझे गाईड वाईट नाहीत. त्यांना वर्षाअखेरीस पेपर दाखवायचा आहे आणि तुझी फेलोशिपही त्यावर आहे, हे मला कळतं. मी ही किंमत मोजलीय. त्या परिषदेनंतर काही वर्षांनी एका संयुक्त प्रकल्पात शीर्षकात 'डीएनए' लिहायचं ठरलं आणि आत पाणीच होतं. मी म्हटलं, 'द्रवरूप पाण्यातील डीएनए-आकाराच्या घनफळात' असं लिहा, नाहीतर माझं नाव काढा. नाव काढलं गेलं. पुढचा निधी आला नाही आणि माझ्याकडचा एक हुशार मुलगा दुसरीकडे गेला. त्याला मी आधी विश्वासात घ्यायला हवं होतं, हे कबूल करतो. पण शीर्षकाबद्दल मी चुकलो नव्हतो. लोक म्हणाले दोन शब्दांसाठी एवढं ताणायचं नसतं. ते दोन शब्द वाचून कुणीतरी डोस ठरवणार असेल तर ताणायलाच हवं होतं, आणि पहिल्या वेळी, त्या बाईंनी विचारलं तेव्हाच, ताणायला हवं होतं. आज पुन्हा वेळ आली तरी मी तेच करीन, फक्त मुलाला आधी सांगीन.

तुला मात्र माझ्याइतकं एकटं पडायची गरज नाही. गाईडकडे 'नाही' घेऊन जाऊ नकोस, तक्ता घेऊन जा. पाणी, घनता वाढवलेलं पाणी आणि पीटीबीचे रेणू, 100, 300 आणि 500 ईव्हीला. प्रत्येकात आयनीभवनं किती आणि त्यांचे पुंजके केवढे. त्याआधी तिन्हींचे आयनीभवनाचे क्रॉस सेक्शन एका आलेखावर काढ. हे काम दोन दिवसांचं आहे. मग शीर्षकाबद्दल बोला. त्यांना फोन करायचा असेल तर माझा नंबर दे, मी बोलेन.

आणि तुझ्या डिटेक्टर कन्स्ट्रक्शनच्या फाइलमध्ये मटेरियलच्या ओळीत जिथे डीएनए लिहिलंयस, तिथे आज रात्रीच 'वॉटर' लिही आणि ती फाइल मला पाठव.

तुझा,
सर